वाहाकात बजेट हॉटेलात राहायचंय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये एक्स दिसतो म्हणून ओक्साका म्हणू नका, वाहाका म्हणा. मेक्सिकोच्या दक्षिण भागातलं शहर, साधारण १,५५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं वर. मी मूळ लातूरचा, नोकरीमुळे टेक्सासात, वाहाकाला दोनदा जाऊन आलोय, एकदा एकटा आणि एकदा आई-बाबांना घेऊन, आणि दोन्ही वेळा स्वस्तातल्याच हॉटेलात राहिलो. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले सगळे मलाच विचारतात. तेच तेच परत टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो, पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. इमिग्रेशनवाला जास्तीत जास्त १८० दिवस देऊ शकतो पण देईलच असं नाही, म्हणून शिक्क्यावर किती दिवस लिहिलेत ते काउंटर सोडायच्या आधी बघून घ्या. त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा, हॉटेलात रजिस्टरला नाव लिहिताना पासपोर्ट मागतात, बऱ्याच ठिकाणी फोटो दाखवला तरी भागतं.

कुठल्या भागात हॉटेल घेऊ?

सोकालोपासून, म्हणजे मुख्य चौकापासून, चालत दहा-पंधरा मिनिटांत. शहर चालत फिरायचं आहे, लांब राहून वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. चौकाच्या उत्तरेला सांतो दोमिंगो चर्चकडे जाणारा आल्काला नावाचा पायी रस्ता आहे, तो भाग देखणा आणि महाग. दक्षिणेला बेनितो हुआरेस आणि २० दे नोव्हिएम्ब्रे ही दोन मार्केटं, त्यांच्या आजूबाजूला जुनी, साधी, स्वस्त हॉटेलं. मला दक्षिणच आवडते. मीना नावाच्या रस्त्यावर कोको दळायच्या चक्क्या आहेत, लोक कोको, साखर, बदाम, दालचिनी आपल्या मापानं दळून घेतात, आपण गिरणीत दळण नेतो तसंच, आणि सकाळी त्या कोपऱ्यावरून गेलं की अख्ख्या गल्लीला गरम चॉकलेटचा वास. हालातलाको नावाची वस्ती पण सुंदर आहे, भिंतीवर चित्रं वगैरे, पण आता तिथले रेटही सुंदर झालेत.

चौकाच्या पश्चिमेला सेन्त्राल दे आबास्तोस म्हणून अवाढव्य बाजार आहे, त्याच्या बाजूला सगळ्यात स्वस्त खोल्या मिळतात. दिवसा बाजार जरूर बघा, पण रात्री बॅग घेऊन त्या भागात उतरू नका.

एक गोची सांगून ठेवतो. इन्देपेन्देन्सिया नावाचा आडवा रस्ता ओलांडला की उभ्या रस्त्यांची नावं बदलतात. आल्कालाचा बुस्तामान्ते होतो, गार्सिया विहिलचा मिगेल काब्रेरा होतो. रस्ता तोच, सरळ, फक्त नाव दुसरं. मी पहिल्या दिवशी आपल्याच हॉटेलच्या रस्त्यावर उभा राहून हॉटेलचा रस्ता कुठे म्हणून विचारत होतो.

आधी ऑनलाइन सगळं बुक करू का तिथे जाऊन बघू?

पहिली एक रात्र ऑनलाइन, बाकी तिथे जाऊन. हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या ट्रिपला फोटो बघून एका ठिकाणी तीन रात्रींचे पैसे आधीच भरले. फोटोत अंगण, बोगनवेल, पितळी दिवे. अंगण होतं, बोगनवेलही होती, पण माझी खोली अंगणाच्या मागच्या बोळात, तिची एकुलती एक खिडकी जिन्यात उघडायची, आणि खिडकी उघडली की जिन्यातून जाणारा प्रत्येक माणूस मला बुएनास नोचेस म्हणून जायचा. पैसे परत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्याच गल्लीत त्यापेक्षा ८० पेसो कमी देऊन वरच्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची खोली मिळाली.

म्हणून एकच वाक्य पाठ करा: "प्वेदो वेर एल क्वार्तो?" म्हणजे खोली बघू शकतो का. कुणाला राग येत नाही, किल्ली काढून देतात. बघायला संकोच करणारा माणूस बजेट हॉटेलात नेहमी मार खातो.

खोलीत नेमकं काय बघायचं?

खिडकी बाहेर उघडते का आत. जुनी घरं आहेत, मध्ये अंगण आणि चारी बाजूंनी खोल्या, आपल्या वाड्यासारखी, त्यामुळे आतल्या खोल्या शांत असतात पण काही अगदी अंधारकोठडी. रस्त्याकडच्या उजेडी असतात पण बस थेट उशाशी. गादीवर बसून बघा. दाराची कडी लावून बघा. फोन चार्जिंगला लावून बघा, कारण जुन्या इमारतींत प्लग ढिले असतात. वायफाय खोलीत येतं का ते बघा, रिसेप्शनवर सगळीकडेच येतं. आणि नळ सोडून बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं, यासाठी वेगळा प्रश्न.

एसी बघू नका. पंखा पुरतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापतं, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री उलट एक जास्तीचं ब्लँकेट मागून घ्यावं लागतं.

पाण्याचं काय?

हा प्रश्न फार कुणी विचारत नाही आणि नंतर फोन करून हाच विचारतात.

वाहाकाला पाण्याची टंचाई आहे. नळाला रोज पाणी येत नाही, काही भागांत तर कित्येक दिवसांनी येतं. घरं आणि हॉटेलं जमिनीखालच्या टाकीत साठवतात, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवतात, त्या टाकीला तिनाको म्हणतात, आणि कमी पडलं की टँकर, त्याला पीपा. हे सगळं वाचून मराठी माणसाला नवीन काही वाटणार नाही. २०१६ ला मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे वाहाकात गल्लीच्या तोंडाशी पीपा उभा आणि त्याचा जाड पाइप एका घराच्या दारातून आत गेलेला बघितल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं. आईने तर हॉटेलात पाय ठेवल्या ठेवल्या हॉटेलवाल्या मावशींना खुणेनेच विचारलं, टाकी केवढी आहे.

तर प्रश्न हाच विचारायचा: "तिएनेन सिस्तेर्ना?" म्हणजे खाली साठवणीची टाकी आहे का. मोठी सिस्तेर्ना असलेलं साधं हॉटेल हे छान रंगवलेल्या पण फक्त गच्चीवर एक तिनाको असलेल्या हॉटेलापेक्षा कधीही चांगलं. फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ, तेव्हा हे नक्की विचाराच. साधारण जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा जरा बरं.

पिण्याचं पाणी नळाचं नाही, दात घासायलाही नको. वीस लिटरचा जार असतो, गाराफोन, बहुतेक हॉटेलांत रिसेप्शनजवळ किंवा जिन्यात ठेवलेला असतो आणि आपली बाटली भरून घेता येते. जार आहे का हे आधी विचारा, नाहीतर दिवसाला तीन-चार बाटल्या विकत, चार दिवसांत तेवढ्यात एक जेवण झालं असतं.

गरम पाणी येतं का? मला तर गारच आलं.

तुम्ही बहुतेक चुकीचा नळ सोडलात. नळावर सी लिहिलेलं असेल तर ते कोल्ड नाही, कालिएन्ते, म्हणजे गरम. गार म्हणजे फ्रिया, तिथे एफ असतं. आमचे बाबा दोन दिवस एफच्या नळाखाली कुडकुडत आंघोळ करत होते आणि हॉटेलला शिव्या घालत होते.

तरी काही ठिकाणी नळ आयात केलेले असतात किंवा प्लंबरने उलटे जोडलेले असतात, म्हणून दोन्ही सोडून बघा. बॉयलर गॅसवर चालतो आणि सहसा गच्चीवर किंवा मागच्या बाजूला असतो, तिथून तुमच्या खोलीपर्यंत पाइपातलं गार पाणी आधी बाहेर यावं लागतं, त्याला तीन-चार मिनिटं लागतात. काही हॉटेलं पैसे वाचवायला बॉयलर ठरावीक वेळीच पेटवतात. "आ के ओरा आय आग्वा कालिएन्ते?" विचारून घ्या आणि त्या वेळेच्या सुरुवातीलाच आंघोळ उरका.

बादली-मग असतो का? आणि ते दुसरं...

नसतो. शॉवर असतो आणि कमोडला कागद, जेट नाही. घरून घडी होणारा मग न्या किंवा रिकामी पाण्याची बाटली वापरा, पण एक गंमत सांगतो. तिथे वाळलेल्या भोपळ्यासारख्या फळाची वाटी मिळते, हिकारा, मार्केटमध्ये तेहाते नावाचं कोको-मक्याचं गार पेय लाल रंगवलेल्या हिकारातच देतात. आणि पाणी गेलं की लोक बादली भरून त्याच वाटीने अंगावर घेतात, त्याला हिकारासो म्हणतात. म्हणजे आपली बादलीची आंघोळ तिथे नावासकट आहे, फक्त हॉटेलच्या खोलीत ठेवत नाहीत. मागितली तर बादली देतात, कुबेता म्हणायचं. आईने पहिल्याच दिवशी मागून घेतली.

कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. जुने पाइप अरुंद आहेत, तुंबतात, आणि तुंबलं की कुणाच्या खोलीमुळे तुंबलं ते सगळ्यांना कळतं.

रूमच्या प्रकारांची नावं कळत नाहीत.

सेन्सिया म्हणजे एकाची. माट्रिमोनियाल हे नाव बघून बिचकू नका, लग्नाचा दाखला मागत नाहीत, तो साधा डबल बेड आहे, आपल्याकडच्या क्वीनपेक्षा जरा अरुंदच. डोब्ले म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन बेड. आई-बाबांबरोबर असाल तर डोब्लेमध्ये चौघंही झोपू शकतात पण रेट माणसांवर असतो का खोलीवर ते विचारा. बान्यो कोम्पार्तिदो म्हणजे संडास-बाथरूम सामायिक. पोसादा आणि कासा दे वेस्पेदेस ही छोटी घरगुती हॉटेलं, माझं मत विचाराल तर यातच सगळ्यात जास्त माया.

आणि मोटेल किंवा आऊतोओतेल असा बोर्ड गावाबाहेर दिसला, गाडी आत घेऊन पडदा ओढायची सोय असली आणि तासांवर रेट लिहिलेला असला तर ते तुमच्यासाठी नाही. काका-काकूंना घेऊन तर मुळीच नाही.

पैसे कसे द्यायचे?

शक्यतो रोख. पेसोला पण डॉलरचंच चिन्ह वापरतात, त्यामुळे दारावर ६०० लिहिलेलं बघून पळून जाऊ नका, ते पेसो आहेत. मी पहिल्यांदा सहाशेत राहिलो होतो, दुसऱ्या वेळी तसलीच खोली साडेआठशेला, म्हणून आकड्यांवर फार विसंबू नका. सांगितलेल्या रेटमध्ये टॅक्स धरलाय का ते विचारा, १६ टक्के व्हॅट, त्याला इवा म्हणतात, आणि वर राहण्याचा वेगळा छोटा टॅक्स. रोख दिले तर बऱ्याचदा रेट गोल करून मिळतो, कार्ड म्हटलं की कधी कधी वर काही टक्के लावतात.

एटीएमवर स्क्रीन विचारेल की आमच्या रेटने बदलून देऊ का. नाही म्हणा, पैसे तरीही मिळतात आणि तुमच्या बँकेचा रेट लागतो जो जवळपास नेहमी बरा असतो. मशीन ५०० च्या नोटा देतं आणि नाक्यावरच्या मावशीकडे ५०० चे सुट्टे कधीच नसतात, "नो आय काम्बियो" हे वाक्य तुम्हाला दुसऱ्याच दिवशी पाठ होईल. ओक्सोच्या दुकानात काहीतरी घेऊन नोट मोडा.

काही हॉटेलं किल्लीसाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी डिपॉझिट घेतात. हो, रिमोटसाठी. पावती घ्या. खोली साफ करणाऱ्या बाईंना रोज २०-३० पेसो ठेवत जा, उशीवर, सुट्टे, म्हणजे विसरलेले वाटणार नाहीत.

रात्री आवाज असतो का?

असतो. कोंबडे, कुत्रे, चर्चच्या घंटा, आणि फटाके. देवाच्या उत्सवाला पहाटे आकाशात आवाजाचे बाण सोडतात, कोएते म्हणतात, पहिल्या रात्री मला वाटलं कुठेतरी ट्रान्सफॉर्मर उडाला. शनिवारी संध्याकाळी सांतो दोमिंगोला लग्नं असतात आणि मग वरात निघते, कालेन्दा, ब्रास बँड, माणूस आत शिरून नाचवतो त्या उंच बाहुल्या, कापडाचा मोठा गोल फिरवणारा एकजण, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या कुणालाही मेस्काल या तिथल्या दारूचा घोट. आवाजाची तक्रार करू नका, खाली जा. इअरप्लग मात्र न्या.

मी शुद्ध शाकाहारी आहे, जगेन का?

जगाल, पण "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. त्यांच्या डोक्यात कार्ने म्हणजे बऱ्याचदा लाल मांस, चिकन आणून ठेवतात प्रेमाने. पोयो (चिकन) नको, पेस्कादो (मासे) नको, हामोन (हॅम) नको, असं एकेक सांगा. भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो, घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. आणि वाहाकाची खास गोष्ट म्हणजे आसिएन्तो, चरबीचा तपकिरी गाळ, मेमेला आणि त्लायुदा (मोठी, पातळ, कडक मक्याची भाकरी) यांच्यावर आधी तोच फासतात, वर चीज आलं की दिसतही नाही. "सिन आसिएन्तो" हे दोन शब्द सोडू नका.

ते काढलं की मेमेला म्हणजे जाडसर मक्याची भाकरी, वर घेवडा, केसियो नावाचं दोऱ्यासारखं निघणारं चीज आणि साल्सा. आईने एका मावशीसमोर उभं राहून ती थापताना बघितली आणि म्हणाली हिचा हात चांगलाय. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यानेच ते पीठ असं थापता येतं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया मिळते, भाजलेलं कणीस लिंबू-तिखट लावून मिळतं, आणि सोलेदाद चर्चसमोरच्या चौकात आइस्क्रीमची ओळ आहे, तिथे करपवलेल्या दुधाचं आणि निवडुंगाच्या लाल फळाचं असं दोन्ही एकत्र घ्या. २० दे नोव्हिएम्ब्रे मार्केटात एक बोळ सगळा मांस भाजणाऱ्यांचा आहे, धुराचा लोट असतो, शाकाहाऱ्यांनी दुसऱ्या दाराने जावं. जेवणाची मोठी वेळ दुपारी दोन ते चार, तेव्हा कोमिदा कोर्रिदा म्हणून स्वस्त ताट मिळतं.

खोलीत चहा करता येईल का? केटल नेऊ का?

भारतातली केटल नेऊ नका. तिथे वीज १२७ व्होल्टची, आपली केटल २३० ची, त्यामुळे तिची ताकद एक तृतीयांशसुद्धा राहत नाही. पाणी तापेल, पण तोवर तुमची चहाची तल्लफ जाईल. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, त्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं, फक्त पिन अमेरिकेसारखी चपटी, आणि जुन्या खोल्यांत तिसऱ्या पिनेला भोकच नसतं म्हणून दोन पिनांचा ॲडॉप्टर घ्या. चहापत्ती न्या, गरम पाणी आणि दूध स्वयंपाकघरात मागा. एरवी चॉकलेट प्या, दुधातलं किंवा पाण्यातलं, त्यात पान दे येमा बुडवून, तो अंड्याचा पाव असतो हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्या.

भूकंपाचं काय?

होतात. सप्टेंबर २०१७ मध्ये दक्षिण किनाऱ्याजवळ ८.२ चा झाला होता. मी लहान असताना किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, आमच्या घरी अजूनही बॅटरी उशाशी ठेवतात, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. मेक्सिकोत धोक्याचा भोंगा आहे. किनाऱ्याकडच्या यंत्रांना धक्का कळला की सिग्नल रेडिओने लगेच पोचतो, जमिनीतली लाट मागून येते, त्या मधल्या वेळात भोंगा वाजतो. धक्का लांबचा असेल तर चांगले काही सेकंद मिळतात, जवळचा असेल तर मिळतही नाहीत. चेक-इन करताना हिरवी पाटी शोधा, पुंतो दे रेउनियोन, म्हणजे सगळ्यांनी जमायची जागा. चप्पल आणि किल्ली एका ठरलेल्या जागी ठेवा, बस्स.

पोचायचं कसं?

एअरपोर्टवर आतल्या काउंटरला तिकीट काढा, शेअर व्हॅन असते, कोलेक्तिव्हो, ती हॉटेलपर्यंत सोडते. शहरातल्या टॅक्सींना मीटर नाही, बसायच्या आधी भाडं ठरवा. मेक्सिको सिटीहून बसने साडेसहा-सात तास, तापो स्टँडवरून, आणि बसमध्ये एसी इतका कडक की शाल लागतेच. पुएर्तो एस्कोंदिदोच्या बीचला जायचं असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन रस्ता सुरू झाल्यापासून साधारण तीन तासांत होतं, आधी घाटातून जीव जायचा.

कधी जाऊ नये?

बजेटमध्ये? जुलैच्या उत्तरार्धात गेलागेत्सा हा लोकनृत्यांचा उत्सव असतो, २३ डिसेंबरला मुळे कोरून चित्रं करतात ती मुळ्यांची रात्र, आणि ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर मृतांचा सण. या तिन्ही वेळी खोल्यांचे रेट वाटेल ते होतात आणि कित्येक महिने आधी भरतात. तरी नोव्हेंबरचं बघाच एकदा, मी आई-बाबांना मुद्दाम तेव्हाच नेलं. सगळं शहर झेंडूने भरलेलं असतं, आणि झेंडू मूळचा तिथलाच, आपल्या दसऱ्याला तो परदेशातून आलेला पाहुणा आहे. बाबांना हे काही पटलं नाही.

मे-जूनमध्ये शिक्षक संघटनेची आंदोलनं होतात, सोकालोत तंबू पडतात, रस्ते अडवतात. माणसांना त्रास देत नाहीत पण बस चुकू शकते, विमानाच्या दिवशी दोन तास जास्तीचे ठेवा.

कपडे कुठे धुवायचे?

लावान्देरिया, किलोवर, सकाळी द्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घड्या घालून मिळतात. खोलीतल्या बेसिनमध्ये धुऊ नका. पाण्याचं वर वाचलंत ना.

घरी फोन कधी करू?

भारत साडेअकरा तास पुढे. तिथे सकाळचे आठ म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात.

चेकआउट बाराला आणि बस रात्री अकराला, बॅगांचं काय?

हॉटेलवालेच ठेवून घेतात, बहुतेक फुकट, "गुआर्दार एकिपाहे" म्हणा. आम्ही परत आलो तेव्हा मावशींनी बॅगांवर चादर टाकून ठेवली होती, आणि आईला जाताना ती बादली दाखवून काहीतरी म्हणाल्या. आईला स्पॅनिश येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण दोघी बराच वेळ हसत होत्या.